मानेत सेंट्रल लाइन टाकताना सोनोग्राफी असूनही होणाऱ्या या चुका टाळा

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना पडद्यावर मानेतल्या शिरेच्या मधोमध पांढरा ठिपका दिसतोय, पण सिरिंजमध्ये रक्त नाही. आडव्या छेदात (सोनोग्राफीचा प्रोब शिरेला आडवा धरल्यावर दिसणाऱ्या चित्रात) सर्वाधिक घात इथेच होतो. तो ठिपका सुईचं टोकच असेल असं नाही. सुईचा कुठलाही भाग प्रोबखालून गेला की तसाच दिसतो. टोक तोवर मागची भिंत फोडून कॅरोटिडजवळ (मानेतली मोठी धमनी) गेलेलं असू शकतं.

म्हणून टोचण्याआधी खोली मोजा. शिरेचा मध्य १.५ सेंमी खोल असेल तर प्रोबच्या १.५ सेंमी मागे ४५ अंशांत टोचा, साधारण २.१ सेंमी आत गेल्यावर टोक शिरेत असायला हवं. ठिपका दिसला की सुई थांबवा, प्रोब किंचित पुढे सरकवा, ठिपका गायब होऊ द्या, मग सुई २-३ मिमी पुढे न्या. दोन्ही हात एकदम हलले की टोक हरवतं. ३ सेंमी जाऊनही रक्त नसेल तर पुढे रेटू नका. सिरिंजचा दट्ट्या ओढत सावकाश मागे या. चेपलेली शीर उघडते आणि बऱ्याचदा तेव्हाच रक्त येतं.

शीरच सापडत नाही? बहुधा प्रोब जोरात दाबलाय. रक्तस्राव झालेल्या रुग्णात ती श्वासागणिक मिटते, तेव्हा झेपत असेल तर डोकं १०-१५ अंश खाली करा. मान फार वळवली तर शीर कॅरोटिडवर चढते. ३० अंश पुरे.

शीर कोणती आणि धमनी कोणती हे ठरवताना कलर डॉपलरच्या रंगावर विसंबू नका. लाल म्हणजे प्रोबकडे येणारा प्रवाह, धमनी नव्हे; प्रोब उलटा कलला की रंगही उलटतात. दाबून बघणं बरं, शीर चेपते. पण रक्तदाब फार कमी असेल तर धमनीही चेपते, तेव्हा पल्स्ड डॉपलर (प्रवाहाचा आलेख दाखवणारा मोड) लावा.

चित्र काळं येत असेल तर बहुधा प्रोबच्या कव्हरच्या आत जेल घालायचं राहिलंय.

डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) घालण्यापूर्वी गाइडवायर (सुईतून आत सोडलेली तार) शिरेत आहे हे आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांत बघा. घाई नेमकी इथे होते. डायलेटर शिरेपर्यंतच न्यायचा, मुठीपर्यंत नाही. नुसती सुई धमनीत गेली तर काढून दाबून धरा. डायलेटर किंवा कॅथेटर गेलं असेल तर मात्र काढू नका. तसंच ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवा.