सोलापूरचा प्रश्न दिल्लीत विचारून घ्यायचा कसा

‘निवेदन दिलं, साहेब लक्ष घालतो म्हणाले.’ सात रस्त्यापासून कुंभारीपर्यंत हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता पुढचं वाक्यही पाठ झालंय: ‘पुढं काहीच झालं नाही.’ निवेदन जरूर द्या. पण त्याचं उत्तर कधी आणि काय द्यायचं, हे बहुतेक वेळा ते घेणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. संसदेत स्वीकारल्या गेलेल्या प्रश्नाचं तसं नसतं. मंत्र्याला ठरलेल्या तारखेला सभागृहाच्या पटलावर उत्तर ठेवावं लागतं, ते छापलं जातं आणि कायम राहतं. असे प्रश्न मी बरीच वर्षं विडी कामगार बायकांसाठी, यंत्रमागवाल्यांसाठी, शेतकऱ्यांसाठी लिहून देतोय. सुरुवातीचे बरेच वाया गेले. ते कशाने गेले, हेच प्रामुख्याने इथे सांगायचंय.

खासदार नेमका कोणता

सोलापूर जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत वाटला गेलाय. शहर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ आणि पंढरपूर हे सोलापूर मतदारसंघात येतात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढ्यात. बार्शी मात्र धाराशिव मतदारसंघात. बार्शीची माणसं सोलापुरात येऊन तासन्‌तास बसलेली मी पाहिलीत. आमदाराकडे केंद्राचा विषय नेऊ नका. विधानसभेत लक्षवेधी सूचना लागली तरी उत्तर राज्याचा मंत्री देणार, आणि ‘केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे’ यापलीकडे तो काय सांगणार?

विषय तिन्ही मतदारसंघांचा असेल तर तिन्ही खासदारांना एकच मसुदा द्या. एकाच आशयाचे प्रश्न आले की लोकसभेत नावं एकत्र जोडली जातात. राज्यसभेतले महाराष्ट्राचे सदस्यही विसरू नका.

विषय केंद्राचा आहे का

सोलापूरकराचा पहिला प्रश्न पाण्याचा. उजनी धरण जिल्ह्यात आणि शहरात नळ काही दिवसांआड. हा राग घेऊन लोक थेट जलशक्ती मंत्रालयाला विचारायला निघतात. ‘पाणी हा राज्याचा विषय आहे’ एवढं लिहून मंत्रालय मोकळं होतं, आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे ते बरोबरच असतं. मग पाण्यात केंद्राचं काय आहे ते शोधा. केंद्राचा पैसा आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरची निवड झाली. केंद्राचा कोणता हप्ता कोणत्या तारखेला आला, त्यातला पाण्याच्या कामावर किती खर्ची पडला, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) कधी मिळालं, हे सगळं केंद्राला विचारता येतं. त्यावर ‘राज्याचा विषय’ हे उत्तर चालत नाही.

मंत्रालयही नेमकं धरा. कांद्याचंच बघा. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते आणि भाव पडला की सगळे कृषी मंत्र्यांच्या नावाने पत्र लिहायला घेतात. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं अर्थ मंत्रालयाने. डिसेंबर २०२३ मधली निर्यातबंदी आली वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून. नाफेडमार्फत राखीव साठ्याची खरेदी होते ती ग्राहक व्यवहार खात्याकडून. ज्याची सही, त्याला प्रश्न. दुसऱ्याला विचारलात तर प्रश्न हस्तांतरित होण्यातच दिवस निघून जातात.

प्रश्न लिहिणं

इथेच सगळं अडतं, म्हणून इथे सावकाश वाचा.

माझी आई आयुष्यभर विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या, मान वर न करता. त्यामुळे शहराच्या पूर्व भागातल्या निवृत्त विडी कामगार बायकांच्या पेन्शनवर पहिला मसुदा लिहायला घेतला तेव्हा मी काळीज ओतून लिहिलं. उपासमार, अन्याय, डोळेझाक, सगळे शब्द त्यात होते. तो प्रश्न स्वीकारलाच गेला नाही. लोकसभेच्या कार्यपद्धतीचा नियम ४१ मी तोवर वाचला नव्हता. प्रश्नात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, आरोप नको, विशेषणं नकोत आणि शब्द साधारण १५० च्या आत. माझ्या मसुद्यात यातलं सगळं होतं.

दुसऱ्या वेळी विशेषणं काढली. तरीही फसलो, आणि ही चूक मी आजही दर दुसऱ्या मसुद्यात पाहतो. आपल्याकडे विधानसभेच्या प्रश्नांचा एक साचा सगळ्यांच्या हातात बसलाय: ‘(१) अमुक झाले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याचा तपशील काय आहे, (३) असल्यास, कोणती कारवाई केली.’ मी तसंच लिहून दिलं. उत्तर आलं दोन ओळींचं. पहिल्या भागाला ‘नाही’. उरलेल्या सगळ्या भागांना मिळून ‘प्रश्न उद्भवत नाही’. सहा महिने ज्याची वाट पाहिली ते उत्तर बायकांना वाचून दाखवायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यांनी विचारलं, ‘मग?’ मला सांगता येईना.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात ठाम नियम: ‘हे खरे आहे काय’ने प्रश्न सुरू करायचा नाही. पुढचे सगळे भाग ‘असल्यास’च्या खुंटीला टांगलेले असले, की ती एक खुंटी उपटली तरी सगळं खाली येतं. प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे.

दुसरा नियम: प्रत्येक भागात आकडा, तारीख किंवा आदेश मागा. मत मागू नका, इरादा मागू नका. ‘पेन्शन वाढवण्याचा सरकारचा विचार आहे काय?’ हा प्रश्न देशभरातून इतक्या वेळा विचारला गेलाय की त्याचं उत्तर मी झोपेत सांगेन. ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत, मालकाच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के येतात, १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेपर्यंत केंद्र १.१६ टक्के घालतं, किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि निधीच्या मूल्यांकनात तूट आहे. हे सगळं खरं आहे, पण त्याने आपल्या गल्लीतल्या एकाही बाईच्या हातात काही पडत नाही.

आता हाच विषय असा विचारून बघा:

(क) सोलापूर क्षेत्रीय भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या हद्दीत गेल्या ३१ मार्चला ईपीएस-९५ चे निवृत्तिवेतनधारक किती आणि त्यांपैकी दरमहा १,००० रुपये घेणारे किती;

(ख) त्याच तारखेला विडी उद्योगातल्या सदस्यांचे किती पेन्शन दावे प्रलंबित होते आणि गेल्या तीन वर्षांत वर्षनिहाय किती दावे नाव किंवा जन्मतारखेतल्या तफावतीमुळे परत पाठवले;

(ग) अशी तफावत दुरुस्त करण्यासाठी लागू असलेल्या परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक काय आणि त्यात किती दिवसांची मुदत आहे;

(घ) या कारणासाठी सोलापुरात गेल्या तीन वर्षांत किती शिबिरं घेतली, कोणत्या तारखांना.

यात एकही विशेषण नाही. राग तर बिलकुल नाही. पण (ख) कुठून आला ते पूर्व भागातल्या कुणालाही विचारा. तेलुगू घरातली बाई एका कागदावर लक्ष्मम्मा असते, दुसऱ्यावर लक्ष्मीबाई, एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नवऱ्याचं नाव मधे. आयुष्यभराच्या कष्टाची पेन्शन एका अक्षरावर अडते. हे दुःख प्रश्नात लिहायचं नसतं. त्याला आकडा होऊन आत जावं लागतं.

तिसरी गोष्ट भागांची. चारच्या वर भाग करू नका. पाच-सहा केले की मंत्रालय ‘(क) ते (च)’ असं एकत्र बांधून एक लांबलचक परिच्छेद देतं. त्यात योजनेचा इतिहास असतो आणि तुमचा नेमका भाग हरवतो. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला, तो भाग पहिल्या दोनांत ठेवा.

चौथी सूचना ‘कधी’ या शब्दाबद्दल. होटगी रोडच्या विमानतळावरून विमानं कधी उडणार, हे सोलापूरने वर्षानुवर्षं विचारलं. विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, गोव्याचं विमान सुरू झालं जून २०२५ मध्ये. मधल्या दोन वर्षांत ‘सेवा कधी सुरू होणार’ यापेक्षा उपयोगी प्रश्न होता: कोणत्या परवानग्या बाकी आहेत, प्रत्येक कोणाकडे आहे आणि किती तारखेपासून? ‘कधी’चं उत्तर ‘लवकरच’ असं देता येतं, ‘कोणाकडे’ला ती सोय नाही.

शेवटचं, मसुदा पाठवण्याआधी जुनी उत्तरं बघा. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि शब्द टाकून ती शोधता येतात. आधी उत्तर दिलेला प्रश्न पुन्हा घेतला जात नाही, आणि न्यायालयात असलेला विषयही नाही. ‘जिल्हावार माहिती केंद्राकडे ठेवली जात नाही’ असं उत्तर आधी कुणाला मिळालं असेल तर जिल्हा मागू नका. केंद्राचं जे कार्यालय इथे आहे त्याची हद्द मागा. रेल्वेसाठी सोलापूर विभाग, पीएफसाठी क्षेत्रीय कार्यालय. कार्यालयाला आपल्या हद्दीचे आकडे नाहीत असं म्हणणं फार अवघड जातं.

नोटीस

प्रश्नाची नोटीस किमान पंधरा पूर्ण दिवस आधी जावी लागते, हिंदी किंवा इंग्रजीत. मसुदा मराठीत लिहा, पण हिंदी प्रत सोबत जोडा. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. खासदारांच्या पीएंकडून अधिवेशनाचा तक्ता मागून घ्या.

अतारांकितच मागा. तारांकित म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न लोकसभेत दिवसाला वीसच असतात, त्यांतले मोजकेच तोंडी पुकारले जातात. अतारांकित २३० पर्यंत येतात आणि त्यांचं उत्तर लेखी असतं. आपल्याला कागदच हवा आहे. नंबर चिठ्ठ्या टाकून लागतो. नाही लागला तर खासदारांना दोष देऊ नका, पुढच्या तारखेला पुन्हा द्या.

प्रश्नात न बसणारं

मागणीच करायची असेल, सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाच्या कामाला वेग द्या अशी, तर लोकसभेचा नियम ३७७ वापरा. २५० शब्दांपर्यंतचा मजकूर जातो आणि मंत्र्याचं उत्तर पत्राने खासदारांच्या नावे येतं. त्याची प्रत तुमच्यापर्यंत आपोआप पोचत नाही, ती मागावी लागते. राज्यसभेत याला विशेष उल्लेख म्हणतात.

शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, बोललेल्याची चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरते आणि काम झालं असं लोक समजतात. तिथे मंत्र्यावर उत्तराचं बंधन नसतं. शून्य प्रहर झाला की त्याच आठवड्यात त्याच विषयावर खासदारांचं मंत्र्यांना पत्र जाऊ द्या. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीप्रमाणे खासदाराच्या पत्राची पोच पंधरा दिवसांत आणि उत्तर त्यापुढच्या पंधरा दिवसांत अपेक्षित असतं. पत्राचा जावक क्रमांक तुमच्या वहीत हवा.

फलाटावरचा पंखा, स्थानकातलं पाणी यासाठी संसद गाठू नका. रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला खासदारांचं एक पत्र पुरतं.

उत्तर आल्यावर

उत्तर दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. ‘माहिती संकलित केली जात असून पटलावर ठेवली जाईल’, ‘तपासले जात आहे’, ‘विचाराधीन आहे’ अशा शब्दांखाली रेघ मारा. लोक हे वाचून नाराज होतात; मला तेव्हा बरं वाटतं. कारण असे शब्द आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकतात. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाहीतर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. दोन्ही सभागृहांच्या शासकीय आश्वासन समित्या त्याचा हिशेब ठेवतात आणि खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारतात. आपल्या प्रश्नातलं वाक्य आश्वासन म्हणून नोंदलं गेलं का, हे खासदारांच्या कार्यालयातून विचारून घ्या. नसेल तर समितीला पत्र द्यायला सांगा. हे काम पीए सहसा आपणहून करत नाहीत. त्यांच्यापुढे रोज शंभर कागद असतात, म्हणून पत्राचा मसुदाही तुम्हीच लिहून न्या.

नेमका आकडा मिळाला असेल तर तो घेऊन इथल्या कार्यालयात जा. सभागृहात मंत्र्याने दिलेला आकडा टेबलावर ठेवला की बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं. विडी कामगार बायकांचं उत्तर मी तेलुगूत सांगणारी एक मुलगी सोबत नेऊन अंगणात वाचून दाखवतो. त्या दर वेळी असं काही विचारतात जे मला सुचलेलं नसतं, आणि पुढच्या अधिवेशनाचा मसुदा तिथेच सुरू होतो: ‘अमुक तारखेच्या अतारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरानंतर, (क) प्रलंबित दाव्यांपैकी किती निकाली निघाले…’