भाड्याच्या घरातली महागडी सायकल आणि विमा : या चुका टाळा

सोलापुरात जुळे सोलापूर असो की होटगी रोड, भाड्याच्या घरात साठ-सत्तर हजारांची सायकल ठेवणाऱ्यांचा पहिला गैरसमज म्हणजे घरमालकाच्या विम्यात आपलंही सामान आलं. ते येत नाही. भाडेकरूने सामानाचा विमा स्वतःच्या नावाने काढायचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारत सोडून फक्त सामानही घेता येतं.

सगळ्यात मोठी फसगत होते ती चोरीच्या बाबतीत. ही पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप, वादळ यांसाठी आहे. अशी घटना घडली आणि तिच्यामुळे ७ दिवसांच्या आत वस्तू चोरीला गेली, तेवढीच चोरी तिच्यात धरली आहे. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचं संरक्षण वेगळं जोडून घ्यावं लागतं. तिथेही व्याख्या वाचा. बहुतेक पॉलिसींत कुलूप तोडून, कडी उचकटून, म्हणजे बळजबरीने शिरल्याची अट असते. अशी अट असेल तर नुसती चोरी त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलं आहे. जिन्याखाली साखळी लावून ठेवलेली सायकल इथेच अडकते. सात रस्ता चौकात दुकानासमोर उभी केलेली तर घराबाहेरचीच झाली. म्हणून सायकल रात्री कुलूपबंद खोलीत घ्या, मग तिसरा मजला का असेना. बाहेरचं संरक्षण हवं असेल तर ‘पेडल सायकल’ हा विभाग असलेली गृहविमा पॉलिसी किंवा स्वतंत्र सायकल विमा मागा. त्यातही शर्यतीतलं नुकसान आणि सायकल जागेवर असताना फक्त लाइट किंवा मीटर जाणं बहुधा वगळलेलं असतं.

अर्जात ‘घरसामान ३ लाख’ एवढंच लिहू नका. सायकलचं मॉडेल, किंमत आणि फ्रेम नंबर वेगळा नोंदवा. सायकल उलटी केली की क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्याच्या) खाली तो नंबर कोरलेला दिसतो. दुकानदाराकडून जीएसटी बिलावर तो लिहून घ्या. सायकल सामानात धरली आहे का, हे एजंटला तोंडी विचारून भागत नाही, कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या.

११ महिन्यांचा करार संपला, घर बदललं आणि पॉलिसी जुन्याच पत्त्यावर राहिली, हेही वरचेवर घडतं. सामान हलवण्याआधी पत्ता बदलून घ्या. घर सलग ३० दिवस बंद राहिलं तर घरफोडीचं संरक्षण थांबतं, अशी अटही बऱ्याच पॉलिसींत असते. सुट्टीला गावी जाताना ती पाहा.

सायकल गेलीच, तर तुटलेलं कुलूप फोटो काढल्याशिवाय बदलू नका आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. पोलीस ठाण्यात ‘वस्तू हरवली’ अशी नोंद चालत नाही. चोरीचा एफआयआर, त्यात फ्रेम नंबर, हे हवंच. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तपास लागला नाही तर कंपनी ‘अ’ समरीचा अहवाल मागते, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. त्यासाठी ठाण्यात पाठपुरावा करत राहा, बरेच दावे याच कागदावाचून पडून राहतात. दावा चुकीच्या कारणाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे शुल्क नाही.