मुलाला अकाउंटमधून बाहेर कसं काढायचं

पाच वर्षं मी पॅरेंटिंगचं अकाउंट चालवलं. शेवटचे सहा महिने नुसती आवराआवर केली, म्हणजे त्यातून लेकीला बाहेर काढलं. ती कशी करायची ते लिहिते, कारण अकाउंट सुरू कसं करायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत. लेकीचं नाव इथे येणार नाही. पाच वर्षं वापरलं तेवढं पुरे.

सगळ्यात आधी इनसाइट्स, म्हणजे अकाउंटची आकडेवारी, उघडा. लाइक आणि व्ह्यूज बाजूला ठेवा, सेव्हचा आकडा बघा. बाळाला झोपवायची युक्ती सांगितली असेल तर लोक सेव्ह करणारच. पण ज्या रीलमध्ये सांगण्यासारखं काही नाही, नुसतं मूल दिसतंय, ती कोण कशाला जपून ठेवेल? माझी अशी एक होती. लेक टबमध्ये, गळ्यापर्यंत फेस, अकरा सेकंद. लाइकपेक्षा सेव्ह जास्त. प्रेक्षक कोण, तर माझ्या एरवीच्या रील्सना बहुतेक बायका असायच्या, इथे बहुतेक पुरुष. मी फोन नवऱ्यासमोर धरला. त्याने आकडा वाचला, परत वाचला आणि म्हणाला, "ही आत्ता काढ." यूट्यूबने २०१९ मध्ये लहान मुलं असलेल्या बहुतेक व्हिडिओंवरच्या कमेंट बंद केल्या होत्या, त्याचं कारणही असलेच प्रेक्षक. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. आपल्याकडे कोण येतंय असले लोक, असं वाटलं होतं.

मग मुलाला विचारा. "काढू का?" असं नाही, "आधी कोणती काढू?" असं. मी टबवाली, रडण्याची, तापात कण्हणारी अशी यादी मनात धरून बसले होते. लेकीने भलत्याच रीलवर बोट ठेवलं. तीन वर्षांची असताना ती हेलिकॉप्टरला 'हेपिलॉक्टर' म्हणायची, ती रील. माझी सगळ्यात जास्त चाललेली. शाळेत तिला त्याच नावाने हाक मारतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं मारत होते.

आता प्रत्यक्ष काम. डिलीट करण्याआधी अकाउंटचा सगळा डेटा डाउनलोड करून घ्या. आठवणी तुमच्याच आहेत, त्या घरात राहू द्या. इन्स्टाग्रामवर 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी'त जाऊन एकदम बऱ्याच पोस्ट निवडता येतात, एकेक करत बसू नका. अर्काइव्हवर थांबू नका. ते म्हणजे कपाटात ठेवणं, आणि पैशाची चणचण आली की कपाट उघडतं (माझं दोनदा उघडलं). डिलीट केलेलं ३० दिवस 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये राहतं, तिथूनही काढा. हायलाइट्स, म्हणजे प्रोफाइलवर जपून ठेवलेल्या स्टोरीज, हटकून विसरतात. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' केलं म्हणजे संपलं असं नाही, लिंक असलेल्याला ते दिसतच राहतं.

गूगलच्या शोधात मुलाचा फोटो येत असेल, तर १८ वर्षांखालच्यांचे फोटो शोधातून काढायची सोय आहे. आईवडिलांना विनंती करता येते. त्याने मूळ साइटवरचा फोटो जात नाही, पण सापडणं अवघड होतं.

सगळ्यात डोकं खातात ते ब्रँडचे करार. जुने मेल काढून 'यूसेज राइट्स' (चित्रण वापरायचे हक्क) हे शब्द शोधा. मी बार्टर म्हणून, म्हणजे पैशाऐवजी वस्तू घेऊन, फुकटच्या पाळण्यावर सही केली होती आणि त्यात लेकीचं चित्रण 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' वापरायची परवानगी होती. वाचलं नव्हतं, का म्हणून वाचायचं, पाळणा छान होता. अशा ठिकाणी वकिली भाषेत भांडू नका. मूल मोठं झालंय, त्याची इच्छा नाही, अमुक तारखेपर्यंत काढा, एवढंच लिहा. माझ्या सहांपैकी चौघांनी आठवड्यात काढलं. पाळणेवाले तेवढे उत्तर देत नव्हते, तिसऱ्या मेलनंतर काढलं.

पैशाचं काय? हा प्रश्न जुना आहे. चॅप्लिनबरोबर काम केलेला बालनट जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची कमाई आईने आणि सावत्र बापाने उडवलेली होती. त्यावरून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये बालकलाकारांची कमाई राखणारा कायदा आला. घरातल्या व्हिडिओंना असलं काही लागू नव्हतं. अमेरिकेत इलिनॉय राज्याने ते १ जुलै २०२४ पासून केलं. त्यातला हिशेब मला सोपा वाटला, मी तोच घेतला: ज्या व्हिडिओत मूल जितके टक्के, त्याच्या निम्मे टक्के कमाई मुलाची. म्हणजे एखाद्या व्हिडिओच्या ८० टक्के भागात मूल असेल तर त्या व्हिडिओच्या कमाईतले ४० टक्के त्याच्या नावावर. मी जुन्या जमाखर्चावर हा हिशेब मांडला आणि वही मिटून ठेवली, एवढी रक्कम निघाली. हप्त्याहप्त्याने तिच्या खात्यात भरतेय.

फ्रान्सच्या २०२० च्या कायद्यात मुलाला स्वतःचे व्हिडिओ काढून टाकायला सांगता येतं, आईबापाची संमती लागत नाही. आमच्या घरात आता तेच चालतं. कायदा नाही, फ्रिजवर चिकटवलेला कागद आहे.

मुलाच्या अंगवळणी पडलेलं मात्र असं डिलीट होत नाही. कॅमेरा बंद होऊन दोन महिने झाले होते. लेक सायकल शिकली, पहिल्यांदाच न पडता कोपऱ्यापर्यंत गेली, मी ओरडले, टाळ्या वाजवल्या. ती वळून आली आणि विचारलं, "परत करू?" मी म्हटलं, "नको गं, झालं की." तिला ते पटायला वेळ लागला. अशा वेळी फोन खिशात नको, घरातच ठेवून जा.

फॉलोअर घटतील, घटू द्या.

राहिल्या नकला. दुसऱ्यांनी उचलून टाकलेल्या रील्ससाठी साधा रिपोर्ट करत बसण्यापेक्षा कॉपीराइटचा फॉर्म भरा. व्हिडिओ तुम्ही शूट केलेला, म्हणजे हक्क तुमचा. माझ्या बाबतीत त्याचं उत्तर लवकर आलं. हेपिलॉक्टरच्या नऊ नकला सापडल्या होत्या, सात गेल्या. नव्या येतात म्हणून महिन्यातून एकदा शोधते. शोधायला तो शब्द टाइप करावा लागतो. ती शाळेत गेल्यावरच करते, आणि नंतर सर्च हिस्टरी पुसते.