जुनी ग्रीक, नवी ग्रीक आणि मी गाळलेली आघातचिन्हे

पुण्यात संस्कृत घेऊन पदवी झाल्यावर मी प्राचीन ग्रीक शिकायला घेतली आणि तीन वर्षांनी, कोश जवळ ठेवून प्राचीन लेखक झेनोफनचे गद्य वाचता येऊ लागल्यावर, आधुनिक ग्रीकच्या उन्हाळी वर्गासाठी ग्रीसमधल्या थेसालोनिकीला गेले. जुनी भाषा येते म्हणजे नवी महिन्याभरात बोलता येईल, अशी माझी पक्की समजूत होती. दुसऱ्याच आठवड्यात वेरियाला जाण्यासाठी मी बसस्थानकाच्या खिडकीवर गाडी केव्हा सुटते असे विचारले. 'केव्हा' यासाठी 'पोते' हा शब्द आहे आणि तो मला सुरुवातीच्या धड्यांपासून पाठ होता. खिडकीतल्या बाई नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी तोच प्रश्न आणखी दोनदा तसाच विचारला, आणि अखेर रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलाने तो शब्द पहिल्या अक्षरावर जोर देऊन उच्चारला, तेव्हा कुठे त्यांना अर्थ लागला. मी जोर शेवटच्या अक्षरावर देत होते, आणि तसा उच्चारला की त्याच शब्दाचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो.

चुकीचे मूळ माझ्या वहीत होते. शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या मार्गदर्शकांनी सांगितले होते की अक्षरांवरील आघातचिन्हांकडे, म्हणजे जोर कुठे येतो हे दाखवणाऱ्या खुणांकडे, सध्या लक्ष देऊ नका, वाचनासाठी त्यांची गरज पडत नाही आणि परीक्षेत त्यांचे गुण कापले जात नाहीत. मला तो सल्ला सोयीचा वाटला. मी दीड-दोन हजार शब्द चिन्हांशिवाय उतरवले, चिन्हांशिवाय पाठ केले आणि मनाला येईल तिथे जोर देत गेले. नवशिक्याचा पहिला महिना हलका व्हावा म्हणून भाषेचा एक भागच गाळायला सांगणाऱ्या शिक्षकावर माझा आता विश्वास राहिलेला नाही, मग त्याची विद्वत्ता कितीही मोठी असो.

हा मुद्दा मी सविस्तर मांडणार आहे, कारण पुष्कळ विद्यार्थी नेमके इथेच अडकतात. प्राचीन ग्रीकमधला आघात सुराचा होता. आघाताच्या अक्षरावर आवाज वेदपठणातल्या उदात्त या उंच स्वरासारखा चढत असे. चढता, उतरता आणि चढून उतरणारा अशी त्याची तीन चिन्हे आहेत. पुढे सुराची जागा जोराने घेतली, स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व नाहीसे झाले, आणि 1982 मध्ये ग्रीसने अधिकृत लेखनात एकच चिन्ह ठेवून बाकीची रद्द केली. परंतु आघात कोणत्या अक्षरावर येतो, हे बहुसंख्य शब्दांत आजही बदललेले नाही. 'नोमोस' हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास 'कायदा' आणि शेवटच्या अक्षरावर दिल्यास 'प्रांत' होतो. इतिहासकार हेरोडोटस इजिप्तच्या प्रांतांसाठी हाच दुसरा शब्द वापरतो. 'ओमोस' म्हणजे खांदा, आणि जोर पुढे सरकला की 'कच्चा', म्हणजे कच्चे मांस ज्या अर्थाने कच्चे असते तसा. 'पोते'ची जोडीही प्लेटोच्या ग्रीकमध्ये आहेच. म्हणजे जुनी ग्रीक शिकताना ज्याने आघात नीट पाठ केले, त्याला नव्या भाषेचे निम्मे उच्चार आपोआप मिळतात, आणि ज्याने ते गाळले त्याला प्रत्येक शब्द पुन्हा शिकावा लागतो.

संस्कृतच्या विद्यार्थ्याला हे खरे तर सांगावे लागू नये. स्वर, म्हणजे आघात, चुकल्यामुळे 'इंद्रशत्रु' या शब्दाचा अर्थ उलटला आणि वृत्रासुर मारला गेला, ही कथा आपण 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात वाचलेली असते. तरीही मराठी कानाला आघात ऐकण्याची सवय नसते, कारण मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यासाठी कान मुद्दाम घडवावा लागतो.

आघाताचा परिणाम व्याकरणावरही होतो. संस्कृतच्या 'अभरम्' मधील 'अ'सारखा ग्रीकमध्ये भूतकाळात धातूच्या आधी 'ए' येतो. 'मी लिहिले' याला 'एग्राप्सा' म्हणतात. आधुनिक ग्रीकमध्ये हा 'ए' सहसा आघात त्याच्यावर असेल तरच टिकतो; 'आम्ही लिहिले' म्हणताना आघात पुढे सरकतो आणि केवळ 'ग्राप्सामे' उरते. आघात ठाऊक नसणाऱ्याला हे दोन वेगळे अपवाद वाटतात, आणि मलाही तसेच वाटत होते.

बाकीच्या फरकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. द्विवचन गेले आहे. चतुर्थी गेली असून प्राकृतांप्रमाणेच तिची जागा षष्ठीने घेतली आहे, मात्र थेसालोनिकीच्या बोलीत तिथे द्वितीया ऐकू येते. दिवसभर कानावर पडणारे 'एनदाक्सी', म्हणजे 'ठीक आहे', हे त्या जुन्या चतुर्थीचेच गोठलेले रूप आहे. 'जाणे', 'करणे' यांसारखी रूपे उरली नाहीत, म्हणून 'मला जायचे आहे' हे 'मी जावे असे मी इच्छिते' अशा धर्तीवर सांगावे लागते. तीन लिंगे मात्र शाबूत आहेत आणि मराठी माणसाला ती जड जात नाहीत. फक्त ग्रीकमधले 'तो' हे नपुंसकलिंगी उपपद (इंग्रजीतल्या the सारखा शब्द) आहे, हे सुरुवातीला चार-सहा वेळा चुकते. एकूण पाहता या दोन ग्रीकांमधले अंतर संस्कृत आणि मराठी यांच्यातील अंतरापेक्षा पुष्कळच कमी आहे.

कान आणि डोळा यांच्यातला विसंवाद मात्र काही काळ त्रास देतो. पूर्वी वेगवेगळे उच्चारले जाणारे सहा लेखनप्रकार आज सगळे 'इ' असेच ऐकू येतात. प्राचीन भाषेतील 'आम्ही' आणि 'तुम्ही' हे दोन्ही शब्द त्यामुळे 'इमीस' असे एकच झाले असते, आणि आज त्यांच्या जागी 'एमीस' व 'एसीस' अशी वेगळी रूपे आहेत. अभिजात काळातील फ, थ, ख आपल्याला सहज येतात, कारण ते आपल्या महाप्राणांसारखेच होते. पण तेच उच्चार अथेन्सच्या रस्त्यावर चालत नाहीत, तिथे ते घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडणारे, झाले आहेत.

ज्याला प्लेटो वाचायचा आहे त्याने आधी आधुनिक ग्रीक शिकण्याचा वळसा घेऊ नये, आणि ज्याला ग्रीसमध्ये नोकरी करायची आहे त्याने प्राचीन व्याकरणात दोन वर्षे घालवू नयेत. तीन महिन्यांत दोन्ही भाषा शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या वर्गांना मी चुकीचेच मानते. या लेखात मी ग्रीक शब्द देवनागरीत दिले आहेत, पण तुमच्या वहीत असे कधीही करू नका. आघात आणि ते सहा 'इ' दोन्ही त्यात बुडतात.

परत आल्यावर मी लाल शाईचे पेन घेऊन जुन्या वह्या उघडल्या. कोशात शब्द पाहायचा, चिन्ह द्यायचे आणि आघाताच्या अक्षरावर टेबलावर बोट आपटत तो तीनदा मोठ्याने म्हणायचा, असा क्रम ठेवला. रोज दोन पाने होतात, क्रियापदांच्या वहीत एकच. सातपैकी पाच वह्या झाल्या आहेत.