एनपीएसपीमध्ये आपले बदल कुठे करायचे

सेल्सफोर्स या ऑनलाइन नोंदप्रणालीवर एनपीएसपी (नॉनप्रॉफिट सक्सेस पॅक, म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या देणग्या नि देणगीदार सांभाळणारी तयार जोडणी) चालवणाऱ्या संस्थेचं काम आलं, की मी सेटअपमधलं 'इन्स्टॉल्ड पॅकेजेस' आधी उघडते. एनपीएसपी म्हणजे एक पॅकेज (तयार सॉफ्टवेअरचा संच) नव्हे, सहा आहेत. फील्डच्या, म्हणजे माहितीच्या रकान्याच्या, एपीआय नावाआधी (सिस्टिम आतून वापरते ते नाव) एनपीएसपी, एनपीई०१ असं काही आणि मग दोन अंडरस्कोअर दिसले, तर ते पॅकेजचं. ते काढून टाकता येत नाही, त्याचं लेबलही थेट बदलत नाही. पेज लेआउट, म्हणजे पडद्यावरची फील्डांची मांडणी, मात्र खुशाल बदला. अपग्रेडमध्ये तो जसाच्या तसा राहतो, म्हणून नव्या आवृत्तीतली फील्डं त्यावर आपणच ओढून आणायची.

लेबलाला पळवाट आहे. पेमेंटवरचं (देणगीखालची पैशांची नोंद) 'चेक/रेफरन्स नंबर' आपल्या अकाउंट्सवाल्यांना 'यूटीआर/चेक क्रमांक' म्हणून हवं असतं. ट्रान्सलेशन वर्कबेंच (लेबलांची भाषांतरं सांभाळणारी सोय) चालू करा, 'ओव्हरराइड' उघडा, पॅकेज, भाषा, घटक, ऑब्जेक्ट निवडा आणि ओव्हरराइडच्या रकान्यात डबल-क्लिक करून लिहा. पेमेंट मेथडच्या यादीत 'यूपीआय' घालायला एवढाही खटाटोप नाही.

आता ८०जी पावती क्रमांक. त्यासाठी पेमेंटवर आपलं नवं फील्ड बनवायचं, पण बनवताना 'रिक्वायर्ड'वर टिक करू नका! देणगी सेव्ह झाली की पेमेंट एनपीएसपीच तयार करतं, आणि त्या कोडला तुमचं हे फील्ड ठाऊकच नसतं. मग पेमेंट अडतं, त्यापायी देणगीही अडते, आणि फोन तुम्हाला येतो. सक्तीच हवी तर लेआउटवर करा. ती फक्त हाताने भरणाऱ्याला लागते.

जुन्या देणग्या आणि त्यांची पेमेंट्स वेगवेगळ्या फाइलींतून चढवायची असतील तर हेच आपोआप बनणं नडतं, पेमेंट्स दुप्पट होतात. काही जण पेमेंट बनवणारा हँडलर, म्हणजे देणगी सेव्ह होताच चालणारा कोड, सरळ बंद करतात. मला ते पटत नाही, कारण त्या वेळात ऑफिसात कुणी खरी देणगी नोंदवली तर तिचं पेमेंट बनणारच नाही. त्यापेक्षा 'ट्रिगर हँडलर्स' टॅबमध्ये 'पीएमटी_पेमेंटक्रिएटर_टीडीटीएम' शोधा, 'युजरनेम्स टू एक्सक्लूड'मध्ये फक्त डेटा चढवणाऱ्याचं युजरनेम टाका. सोबत 'युजर मॅनेज्ड'वर टिक हवीच, नाहीतर पुढच्या अपग्रेडला तुमचा बदल पुसला जाईल. काम झालं की युजरनेम काढा.

आणि हे सगळं आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे सिस्टिमच्या सरावाच्या प्रतीत, एका खोट्या देणगीवर करून बघा.