जुन्या जीपचे पाटे : डांबरीसाठी आणि पांदणीसाठी

आमच्या आर्णी-दिग्रस पट्ट्यात जुनी महिंद्रा जीप अजून रोजच्या कामाला आहे. सकाळी नागपूर-तुळजापूर हायवेनं यवतमाळ, दुपारी त्याच गाडीनं पांदणीतून, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेनं, कापसाची गाठोडी. डांबरीवर साठ-सत्तरच्या वेगात स्टेअरिंग सरळ राहिलं पाहिजे आणि पांदणीत एक चाक चाकोरीत उतरलं तरी बाकीची तीन जमीन सोडता कामा नयेत. गॅरेजला येणारा माणूस मात्र बहुतेक वेळा एकच सांगतो, "भाऊ, गाडी मांगून बसते, एक जाड पाटा टाकून द्या." पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलायला चाकांच्या दांड्याला (ॲक्सलला) बांधलेल्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, लीफ स्प्रिंग. जाड पाटा मी टाकत नाही. का, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं काम त्यावरच ठरतं.

पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या हिशेबानं वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी तेवढ्याच रुंदीचा ८ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा आधीपेक्षा जवळपास २.४ पट कडक होतो. कापूस भरलेला असेपर्यंत छान वाटतं. पण गाडी वर्षातले बहुतेक दिवस रिकामीच धावते. तेव्हा मागचा ॲक्सल उड्या मारतो, ब्रेक दाबला की हलकं झालेलं चाक जाम होतं आणि गाडी आडवी जाते. जो धक्का पाट्यानं गिळायचा, तो हँगरला, म्हणजे पाट्याचं टोक शॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) धरणाऱ्या ब्रॅकेटला बसतो. शॅसीला तिथंच तडे जातात.

बसलेल्या गाडीचं खरं दुखणं बहुतेक वेळा तीन गोष्टींत सापडतं: पाट्याची कमान उतरलेली असते, बुश (पाट्याच्या टोकांच्या गोल डोळ्यांत बसणाऱ्या नळ्या) खलास झालेले असतात, किंवा पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले असतात. गाडी कडक करण्याआधी तिला मोकळी करा.

काढताना शॅसीखाली दोन मजबूत स्टँड हवेतच, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. ॲक्सलला वेगळा जॅक द्या. पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टवर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. जुन्या विलीज (मूळ अमेरिकी जीप) पद्धतीच्या गाड्यांत शॅकलला, म्हणजे पाट्याचं एक टोक शॅसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याला, आटे असतात आणि चारांतले काही उलट्या आट्यांचे असतात. उलट्या आट्याच्या शॅकलवर एक छोटा उंचवटा असतो, चिखल खरवडला की बोटाला लागतो. तो न बघता पाना लावला तर सोडण्याऐवजी आवळत बसाल.

पाट्याचा गठ्ठा उघडताना सगळे पाटे मधोमध धरणारा सेंटर बोल्ट सरळ सोडू नका. आधी शिकंजात आवळा, मग बोल्ट काढून शिकंजा हळूहळू ढिला करा, नाहीतर पाटे उसळतात. वेगळे झाले की तारेच्या ब्रशनं घासा आणि उलटे करून उजेडात धरा. खालच्या पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्याच्या पोटात चंद्रकोरीसारखी खाच खणलेली दिसेल. तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो पाटा बाजूला ठेवा, तुटेल तर तिथूनच. सेंटर होलची तपासणी वेगळी. डिझेलचं फडकं फिरवा, वरून कोरडं पुसा, खडू घासा आणि चहा होईपर्यंत थांबा. भेग असली तर आत मुरलेलं डिझेल खडूवर काळी रेघ उमटवतं. एवढ्या स्वस्तात एवढी खात्रीची दुसरी तपासणी मला माहीत नाही.

कमान मोजायला दोन डोळ्यांमध्ये सुतळी ताणा आणि मधोमध सुतळीपासून मेन (सगळ्यात लांब, वरच्या) पाट्यापर्यंतचं अंतर घ्या. डावी-उजवी बाजू शेजारी ठेवून बघा. बोटभर फरक असेल तर गाडी एका अंगाला कललेलीच राहणार. कमान द्यायची ती थंड, ठोकून किंवा प्रेसवर. भट्टीत लाल करून वाकवलेला पाटा दिसायला सुरेख असतो, पण पोलादाचं पाणी उतरलेलं असतं. ते परत द्यायला नेमक्या तापमानावर तेलात बुडवून पुन्हा शेकावं लागतं, ते अंदाजानं होत नाही. तशी सोय नसेल तर नवा पाटा घ्या.

जोडताना प्रत्येक पाट्याच्या टोकाची धार ग्राइंडरनं गोल करा आणि मध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. गठ्ठ्याला वेढणाऱ्या क्लिपा इतक्याच आवळा की पाटे सरकतील पण फाकणार नाहीत. पुढच्या बाजूला कंपनीनं दिले तेवढेच पाटे ठेवा. मागे वजनासाठी तळाला एक जवळजवळ सपाट हेल्पर पाटा द्या. रिकाम्या गाडीत त्याची टोकं वरच्या पाट्याला लागत नाहीत, गाठोडी भरून गाडी बसली की मगच तो जोर धरतो. माझ्या मते आपल्याकडच्या कामाला यापेक्षा चांगला तोडगा नाही.

रबरी बुश असतील तर शॅकल आणि हँगरचे बोल्ट हवेत पक्के करू नका. गाडी चाकांवर उतरवा, दोनदा हलवून बसू द्या, मग आवळा. लटकत्या स्थितीत आवळलेलं रबर गाडी खाली येताच पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय का, तेही तेव्हाच बघा. आणि यू-बोल्ट नवेच घ्या, एकदा ताणलेला पुन्हा तसा धरत नाही.

शॉकअप घेताना दुकानदाराला गाडीचं नाव सांगून भागत नाही, माप न्या. चाक पूर्ण लटकवून आणि पूर्ण दाबून, दोन्ही वेळी वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. पूर्ण दाबल्यावरही शॉकअपमध्ये दोन-तीन सेंटिमीटर शिल्लक हवेत, म्हणजे मार बंप स्टॉपवर (शॅसीखालच्या रबरी ठोकळ्यावर) बसेल. शॉकअप होईल तितका उभा ठेवा. ४५ अंशात तिरपा केला तर चाकावरचा त्याचा परिणाम निम्म्यावर येतो.

आता हायवेवरचं डगमगणं. जीप उंच दिसावी म्हणून पोरं पुढं लांब शॅकल लावतात. या गाड्यांत पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं, म्हणून ते लांब केलं की ॲक्सल पुढं झुकतो, कॅस्टर (चाक ज्या किंग पिनवर वळतं ती मागे कललेली असते तो कोन) कमी होतो आणि स्टेअरिंग सरळ यायला मागत नाही. विलीज घराण्याच्या जीपला साधारण ३ अंश कॅस्टर लागतो. मूळ मापाचं शॅकल परत लावणं उत्तम. तरीही कमी पडला तर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये लोखंडी पाचर द्या. ॲक्सल पाट्याच्या वर बसत असेल तर पाचरीची जाड बाजू पुढं. पाचर जास्त दिली की पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो, म्हणून एक-दोन अंशांवर थांबा. त्याआधी किंग पिनची बेअरिंगं आणि टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या स्टेअरिंगच्या दांड्याची टोकं) बघाच. तिथं ढिलाई असेल तर पाचर कितीही द्या, स्टेअरिंग थरथरणारच. टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूनं किंचित आत वळलेली असणं, शेवटी बघा, दोन मिलिमीटरच्या आसपास.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार चालत नाही. पाटे, बुश, शॉकअप त्याच मापाचे नवे लावणं ही दुरुस्ती आहे. गाडी उंच करायचा किंवा वजन वाढवायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकामी, डांबरीवर, हळू. शंभरेक किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळा, कारण नवीन गठ्ठा दबून बसतो आणि बोल्ट ढिले पडतात. त्यानंतरच पांदणीत घाला. पावसाळ्यात काळी माती पाट्यांमध्ये भरून वाळली की गठ्ठा पुन्हा जाम होतो, म्हणून शेतातून आल्यावर पाण्याची धार पाट्यांवर मारा आणि आट्याच्या शॅकलच्या निपलमध्ये आतला चिखल बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस भरा.