इंग्लंडमधला पार्किंग चार्ज कसा रद्द करून घेतला

सुपरमार्केटच्या पार्किंगवरून खासगी कंपनीची 100 पौंडांची नोटीस आली. दिसायला थेट सरकारी दंड, प्रत्यक्षात नुसती मागणी! काचेवर काही चिकटवलेलं नव्हतं. अशा वेळी 2012च्या प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्याप्रमाणे नोटीस 14 दिवसांत पोचली नाही, तर गाडीच्या कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, वसुली करता येत नाही. माझी उशिरा आली होती. अपील कीपर म्हणूनच केलं. गाडी कोण चालवत होतं, याबद्दल अवाक्षर काढलं नाही. कंपनीने फेटाळलं, मग 28 दिवसांच्या आत पोपलाकडे, म्हणजे खासगी पार्किंगची अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे गेलो. पोपलाचा खर्च पार्किंगवालेच उचलतात, त्यामुळे मनात धाकधूक होतीच. पण निकाल बांधील कंपनीवर, आपल्यावर नाही. हरलो असतो तरी कोर्टात बाजू मांडता आली असती. लिफाफ्यावरच्या शिक्क्याचा फोटो जोडला. चार्ज रद्द.